लपवणं आणि झाकणं

माझ्या आत्यानं ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. काचीगुड्याहून सुलतान बाजारापर्यंत तिच्याबरोबर चालत निघालं, तर वीस मिनिटांचा रस्ता तासाभराचा होतो. मध्ये मध्ये तिचे जुने विद्यार्थी भेटतात आणि भर रस्त्यात वाकून नमस्कार करतात. अशा माझ्या आत्याला एका विमानतळावर माझ्याच वयाची एक सुरक्षारक्षक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "ये क्या छुपाया है?"

त्या एका वाक्यानंतर आत्या वर्षभर कुठल्याच प्रवासाला निघाली नाही.

ही गोष्ट तिच्या परवानगीनं लिहिते आहे. "माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही," असं ती म्हणाली. मसुदाही तिनंच वाचला आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका काढून दिल्या.

पोटावरची पिशवी

२०२१ साली आत्याला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आत्या वाचली. पण आतड्याचा तो भाग कायमचा काढावा लागला. मग डॉक्टरांनी पोटावर डाव्या बाजूला एक छोटं तोंड तयार केलं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर एक पिशवी चिकटवलेली असते आणि मल त्या पिशवीत जमा होतो. पिशवी दिवसातून दोन-तीनदा रिकामी करायची, ठरावीक दिवसांनी बदलायची. हे आयुष्यभराचं आहे.

आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. परकराची नाडी स्टोमावर काचते म्हणून आत्या ती जरा वर बांधायला शिकली. निऱ्यांची जागा बदलली, पदर पुढून घ्यायला लागली. सहा महिन्यांत ती पुन्हा भिशीला, भजनाला, मंडळाच्या वाचनालयात जायला लागली. कुणाला काही कळलं नाही, आणि कळू नये हीच तिची इच्छा होती. त्यात चूक काय? आपण कुणी आपल्या पोटाची हकिकत हळदीकुंकवात सांगतो का?

त्या दिवशी काय झालं

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही एका लग्नाला गेलो होतो. परत येताना विमानतळावर पहाटेची गर्दी होती. तो विमानतळ कुठला ते लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका विमानतळाची नाही. आमच्याच गल्लीतल्या एक काकू त्याच लग्नाहून त्याच विमानानं परतत होत्या. रांगेत त्या आमच्या मागेच होत्या.

आपल्याकडे बायकांची तपासणी पडद्याआड होते हे तुम्हाला माहीत आहेच. एका छोट्या चौथऱ्यावर उभं राहायचं, दोन्ही हात पसरायचे. सुरक्षारक्षक बाई आधी हातातलं यंत्र फिरवते, मग हातानं चाचपते. पिशवी प्लास्टिकची, त्यामुळे यंत्र वाजलं नाही. हाताला मात्र लागली. घाईघाईत निघाल्यामुळे ती अर्धी भरलेलीही होती.

"ये क्या छुपाया है?"

आत्या काहीतरी पुटपुटली. तिला काही सुचेना. सात वाक्यांत सारांश लिहा म्हणून मुलांना शिकवणाऱ्या बाईला एक वाक्य सापडेना. त्या मुलीनं पडदा सरकवून दुसऱ्या रक्षक बाईला हाक मारली. पडदा तसाच राहिला. "दिखाइए," दोघींपैकी कुणीतरी म्हणालं. आत्यानं पदर बाजूला केला.

मी पलीकडे ट्रेमधून चपला आणि लॅपटॉप गोळा करत होते. वळून बघितलं तेव्हा आत्या पाठमोरी होती आणि काकू मान खाली घालून स्वतःच्या बोर्डिंग पासकडे बघत होत्या.

सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. त्या मुलीला काय आहे ते कळल्यावर ती ओशाळलीच. "सॉरी अम्मा, जाइए," म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. ती पहाटेपासून उभी असेल, रांग संपत नव्हती, आणि हाताला जे लागलं ते काय आहे हे विचारणं तिचं कामच होतं. प्रश्न योग्य होता. आवाज आणि पडदा, एवढंच चुकलं.

शिकवणी

विमानात आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर नेहमीसारखी वागली. पण हळूहळू लक्षात आलं, की तिनं भिशी सोडली आहे. गणपतीत मंडळात आरतीला आली नाही. त्या काकू समोरून दिसल्या, की गुडघा दुखतोय म्हणून वळायची. आणि न्यू जर्सीला राहणाऱ्या दादानं, म्हणजे तिच्या मुलानं, नातवाची मुंज ठरवली तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "मला नक्को. फोनवर दाखवा."

एकुलत्या एका नातवाची मुंज. मला राहवलं नाही. मी समजूत घालायला गेले आणि म्हणाले, "अगं आत्या, सुरक्षेसाठी करतात ते. आपल्याला काय लपवायचंय? ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्यानं घाबरायचं कशाला?"

आत्यानं चष्मा काढला. वर्गात काढायची तसा.

"लपवणं आणि झाकणं, या दोन शब्दांत फरक काय ते सांग."

मी गप्प.

"लपवतो ते दुसऱ्याला सापडू नये म्हणून. झाकतो ते आपलं आपल्यापाशी राहावं म्हणून. चोरीचा माल लपवतात. पाण्याचा हंडा झाकतात. अंग झाकतात. मी झाकलं होतं. ती म्हणाली लपवलं. आणि आता तूही तेच म्हणायलीस."

यावर मला काही बोलता आलं नाही. पण त्या रात्री मी ठरवलं, की या दोन शब्दांमधला फरक विमानतळांच्या नियमांना कळतो की नाही, ते बघायचं.

नियम काय सांगतात

तपासणी नको असं आत्याचंही म्हणणं नव्हतं. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं विमान कंदाहारला नेलं गेलं, ते आठवडाभराचे दिवस तिच्या पिढीला चांगले आठवतात. प्रश्न तपासणी करावी की नाही हा नव्हता. ती कशी करावी हा होता.

आणि हा प्रश्न पडलेली आत्या पहिली नव्हती. नर्तकी-अभिनेत्री सुधा चंद्रन तुम्हाला माहीत असतील. अपघातात पाय गमावल्यावर जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या, आणि त्यांच्या आयुष्यावरचा 'मयूरी' हा चित्रपट तर आपल्या तेलुगूतलाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी एक व्हिडिओ टाकून थेट पंतप्रधानांना विनंती केली, की दर वेळी तपासणीत कृत्रिम पाय काढायला लावतात ते थांबवा, आमच्यासारख्यांना एखादं कार्ड द्या. त्यानंतर सुरक्षा दलानं जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्या प्रसिद्ध होत्या म्हणून त्यांचं ऐकलं गेलं, असं कुणी म्हणेल. पण त्या बोलल्या म्हणून ऐकलं गेलं, हेही खरं.

अमेरिकेतली कहाणी आणखी बोलकी आहे. २५ डिसेंबर २००९ ला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका माणसानं अंतर्वस्त्रात स्फोटकं नेली. स्फोट फसला. त्यानंतर अमेरिकेतल्या विमानतळांवर संपूर्ण शरीर तपासणारे स्कॅनर झपाट्यानं वाढले. सुरुवातीच्या यंत्रांत पलीकडच्या खोलीत बसलेल्या कर्मचाऱ्याला प्रवाशाचं जवळजवळ विवस्त्र चित्र दिसायचं. लोक चिडले, प्रकरण न्यायालयात गेलं, संसदेनं कायदा केला. २०१३ पर्यंत क्ष-किरणांवर चालणारी तसली यंत्रं विमानतळांवरून हलवली गेली. आता जी यंत्रं आहेत त्यांच्या पडद्यावर सगळ्यांसाठी एकच बाहुलीसारखी आकृती दिसते. शरीरावर काही वेगळं आढळलं, तर आकृतीच्या त्या जागी एक चौकोन उमटतो. सुरक्षा कमी झाली नाही. फक्त बघण्याची गरज नव्हती ते बघणं बंद झालं.

२०१० मध्येच तिकडच्या एका विमानतळावर कर्करोगातून वाचलेल्या एका प्रवाशाची पिशवी चाचपताना सुटली आणि त्याला भिजलेल्या कपड्यांत विमानात बसावं लागलं. सुरक्षा यंत्रणेच्या प्रमुखांनी स्वतः त्याला फोन करून माफी मागितली. आज त्यांच्या नियमांत अशा पिशवीचा स्पष्ट उल्लेख आहे. पिशवी उघडी करून दाखवायला किंवा रिकामी करायला सांगायचं नाही. प्रवासी केव्हाही बंद खोलीत तपासणी मागू शकतो आणि सोबत आपलं माणूस ठेवू शकतो. शंका आली, तर प्रवाशानं स्वतःच्याच हातानं कपड्यावरून पिशवी चाचपायची, मग त्याच्या हातावर एक पट्टी फिरवून स्फोटकांचे कण आहेत का ते यंत्रात तपासतात. प्रवासाच्या ७२ तास आधी कळवलं, तर मदतीला माणूस मिळण्याचीही सोय आहे.

आपल्याकडेही कृत्रिम अवयव किंवा वैद्यकीय साधनं असलेल्या प्रवाशांची तपासणी आडोशाला, सन्मान राखून करावी अशा सूचना आहेत. म्हणजे त्या पहाटे आत्याला वेगळी खोली मागता आली असती. पण ते तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. आठवड्याला एक विमानप्रवास करणाऱ्या मलाही!

घरातली रंगीत तालीम

मग आम्ही तयारीला लागलो. पहिलं काम एका कार्डाचं. पत्त्याएवढ्या कागदावर इंग्रजी, हिंदी आणि तेलुगूत तीन ओळी: माझ्या पोटावर शस्त्रक्रियेनंतरची पिशवी आहे. ती काढता येत नाही. कृपया माझी तपासणी वेगळ्या खोलीत करा. सोबत डॉक्टरांचं पत्र.

गळ्यात घालायच्या सूर्यफुलाच्या हिरव्या पट्ट्याबद्दलही मी तिला सांगितलं. न दिसणारं अपंगत्व असलेल्या प्रवाशांसाठी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळानं तो सुरू केला आणि नंतर जगभर पसरला. पट्टा बघून कर्मचारी आपणहून मदत करतात. आत्या म्हणाली, "म्हणजे एकीला सांगायचं टळलं आणि हजार जणांना सांगितलं. कार्ड बरं. ज्याला दाखवायचं त्याला दाखवीन." तिचं बरोबर होतं. पट्टा हवा की कार्ड, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मग तालीम. दिवाणखान्यात पाटावर आत्या हात पसरून उभी, आणि मी सुरक्षारक्षक. मी हात लावायच्या आधीच तिनं म्हणायचं, "मेरे पेट पर ऑपरेशन की थैली है। अलग कमरे में चेक कीजिए।" पहिल्या दोन वेळा आवाज घशातच अडकला. तिसऱ्या वेळी बाबांनी स्वयंपाकघरातून "ऐकू आलं नाही!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा ती इतक्या खणखणीत बोलली, की शेजारच्यांची बेल वाजली. सगळे हसलो. वर्षभरात आत्या पहिल्यांदा या विषयावर हसली.

शमशाबाद ते न्यू जर्सी आणि परत

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघी निघालो. शमशाबादला तपासणीच्या पडद्याआड शिरताच आत्यानं कार्ड पुढे केलं आणि वाक्य म्हटलं. समोरच्या बाईला काय करायचं ते नीट माहीत नव्हतं. तिनं वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी आणखी कुणाला विचारलं. पंधरा मिनिटं गेली. मला घाम फुटला, आत्या शांत होती. शेवटी एका छोट्या खोलीत नेलं, दार लावलं, मला आत येऊ दिलं. कपड्यावरून चाचपलं, पत्र वाचलं, झालं. अगदी सुरळीत झालं असं म्हणणार नाही, पण दार लागलेलं होतं.

मध्ये विमान बदलताना फक्त यंत्रातून जावं लागलं, कुणी काही विचारलं नाही. मुंज छान झाली. आजीनं नातवाला भिक्षावळ घातली आणि त्याच्या "भवति भिक्षां देहि"चा उच्चारही सुधारला.

परतताना अमेरिकेतल्या विमानतळावर स्कॅनरच्या पडद्यावर बाहुलीच्या पोटावर चौकोन उमटला. आत्यानं कार्ड दाखवलं. तिथल्या बाईनं हळू आवाजात विचारलं, खोलीत जायचं का? मग आत्यानं स्वतःच पदरावरून हात फिरवला, तळहात पुढे केले, त्यावर पट्टी फिरली, यंत्रानं हिरवा दिवा दिला. बाहेर येऊन आत्या मला म्हणाली, "माझ्या पोटाला माझाच हात लागला बघ."

आणि तुझा चेहरा?

विमानाची वाट बघत बसलो होतो. येताना अमेरिकेत शिरताना आम्हा दोघींच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतले होते. तिकडे परदेशी माणसाला त्यात नाही म्हणायची सोय नाही. त्यावरून आत्याला आठवलं.

"तू ऑफिसच्या कामाला जातेस तेव्हा चेहरा दाखवून आत जातेस म्हणे. तो फोटो कुठं ठेवतात?"

ती डिजियात्राबद्दल विचारत होती. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला ती सुरू झाली, पुढच्या वर्षी आपल्या हैदराबादलाही आली. रांग वाचते म्हणून मी पहिल्याच महिन्यात नोंदणी केली होती. अटींचं पान वाचलं नव्हतं. आत्याच्या पोटासाठी मी तीन देशांचे नियम वाचले होते, आणि स्वतःच्या चेहऱ्याबद्दल एका ओळीचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घरी आल्यावर वाचलं. ओळखपत्राची माहिती आपल्याच फोनमध्ये राहते, प्रवासाच्या वेळी ती विमानतळाला जाते आणि विमान सुटल्यानंतर २४ तासांत तिथून पुसली जाते, असं सांगितलं जातं. ही यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आहे, बाकीचा खासगी विमानतळ कंपन्यांचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही सोय ऐच्छिक आहे. ओळखपत्र आणि तिकीट दाखवून आत जाण्याचा रस्ता खुला असतो. तरीही दारातच कर्मचारी प्रवाशांना नीट न सांगता त्यांचे फोटो घेऊन नोंदणी करतात, अशा तक्रारी २०२४ च्या सुरुवातीला देशभरातून आल्या होत्या.

मी ॲप काढून टाकलं नाही. पण आता दारात कुणी "मॅडम, इधर देखिए" म्हणालं, तर आधी विचारते, कशासाठी? माझ्याकडेही लपवायला काही नाही. तरी चेहरा माझा आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो जगण्याच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्कातच येतो. बातमी तेव्हा मी वाचली होती, कॉलेजात त्यावर गटचर्चाही केली होती. ती आत्याच्या पदराबद्दल आहे, हे मला पाटावरच्या तालमीत कळलं.

तुमच्या घरातल्यांसाठी

आपल्या आई-वडिलांपैकी, आजी-आजोबांपैकी कुणाच्या गुडघ्यात धातू असेल, छातीत पेसमेकर असेल, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर आत पॅड असेल, पोटावर पिशवी असेल. ते आपणहून सांगणार नाहीत. म्हणून तिकीट काढणाऱ्या आपणच पुढची तयारी करावी.

डॉक्टरांचं ताजं पत्र आणि छोटं कार्ड पर्समध्ये, हाताशी येईल असं ठेवा. पेसमेकर असेल तर त्याचं कार्डही. व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला आधीच कळवा. पिशवी असेल तर तपासणीच्या आधी रिकामी करा, लागतील त्याच्या दुप्पट पिशव्या केबिन बॅगेत घ्या, आणि चिकटपट्ट्या घरीच मापानं कापून न्या, कारण कात्री तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर पोचा. आणि हात लागण्याच्या आधीच बोला. वाक्य घरी म्हणून बघा, मोठ्यानं.

आत्या आता पुन्हा भिशीला जाते. मागच्या महिन्यात त्या काकू घरी आल्या होत्या. चहा झाल्यावर आत्यानंच विषय काढला आणि सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. तेव्हाच दिसलं होतं."

त्या पहाटेपासून काकूंनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. घरच्यांनाही नाही.

आत्यानं त्यांच्यापुढे पोह्यांची दुसरी बशी ठेवली.